‘पण पाय आधी चेंडूलाच लागला होता!’

वाचकांचे प्रश्न, एका फुटबॉलवेड्याची उत्तरं

गेल्या अंकात मी एक वाक्य लिहिलं होतं: टॅकल करणाऱ्याचा, म्हणजे समोरच्याकडून चेंडू हिसकावायला पाय घालणाऱ्याचा, पाय आधी चेंडूला लागला, एवढ्यावरून तो निर्दोष ठरत नाही. त्यावर बरीच पत्रं आली, काही चांगलीच रागावलेली. म्हणून या वेळची सगळी जागा त्यांनाच देतो.

प्रश्न: मी कॉलेजच्या संघात सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू आहे. परवाच्या सामन्यात माझा पाय स्वच्छ चेंडूला लागला आणि समोरचा नंतर पडला. तरी रेफ्रीने थेट लाल कार्ड दाखवलं. चेंडू आधी लागला असेल तर फाउल कसा?

तुझा सामना मी पाहिलेला नाही, त्यामुळे कार्ड बरोबर की चूक हे मी सांगणार नाही. पण ‘चेंडू आधी’ हा बचाव नियमपुस्तकात कुठेही नाही. बारावा नियम काढून वाच. त्यात तीन पायऱ्या आहेत. निष्काळजीपणे गेलास तर नुसती फ्री किक. समोरच्याचं काय होईल याची पर्वा न करता गेलास तर पिवळं, म्हणजे ताकीद. अवाजवी ताकद लावलीस किंवा त्याच्या सुरक्षिततेला धोका निर्माण केलास तर लाल, म्हणजे मैदानाबाहेर. पुढून, बाजूने की मागून, एका पायाने की दोन्ही, याने काही फरक पडत नाही.

तू ज्याला पुरावा म्हणतोस तोच कधी कधी तुझ्याविरुद्ध जातो. चेंडू गोल असतो. ताठ पायाने, स्टड (बुटाच्या तळाचे टोकदार गुटके) समोर करून तू त्याच्या वरच्या अर्ध्या भागाला भिडलास, तर पाय तिथे थांबत नाही. चेंडूवरून घसरतो आणि सरळ नडगीवर जातो. त्याच वेळी समोरच्याने त्या पायावर सगळं वजन टाकलेलं असेल, तर त्याचे स्टड मातीत रुतलेले असतात. पाय जागचा सुटत नाही, मग जे काही सोसायचं ते हाडाला किंवा घोट्याला. म्हणून रेफ्री फक्त चेंडू कोणाला लागला हे पाहत नाही. गुडघा वाकलेला होता की ताठ, पाऊल जमिनीलगत होतं की वर, दोन्ही पाय हवेत होते का, ऐन वेळी तुला स्वतःला आवरता आलं असतं का, हे तो पाहतो. तो सामना मनात पुन्हा खेळ आणि या चार प्रश्नांची उत्तरं स्वतःला खरी खरी दे.

प्रश्न: अंतिम सामन्यात पहिल्या अर्ध्या तासात लाल कार्ड देऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जग अकरा विरुद्ध अकरा पाहायला बसलेलं असतं. एका कार्डाने सामना मरतो.

तुमचं मत मनापासूनचं आहे हे कळतं, कारण मीही कित्येक वर्षं हेच म्हणायचो. ते बदललं एका जुन्या सामन्याने.

८ जुलै १९८२, सेव्हिया. विश्वचषकाची उपांत्य फेरी, पश्चिम जर्मनी विरुद्ध फ्रान्स, १-१. फ्रान्सचा पॅट्रिक बॅटिस्टन बदली खेळाडू म्हणून मैदानात येऊन दहाएक मिनिटंच झाली होती. कर्णधार प्लाटिनीच्या पासवर तो एकटा पुढे निसटला, चेंडू मारला आणि चेंडू गोलच्या बाजूने बाहेर गेला. जर्मन गोलरक्षक हराल्ड शूमाखर मात्र थांबला नाही. उडी मारून, अंग वळवून तो बॅटिस्टनच्या तोंडावर आदळला. बॅटिस्टन बेशुद्ध पडला. दात गेले, बरगड्यांना आणि मणक्याला इजा झाली. स्ट्रेचरवरून नेताना प्लाटिनी त्याचा हात धरून चालत होता. आणि रेफ्रीने काय दिलं? गोल किक. लाल नाही, पिवळं नाही, साधा फाउलसुद्धा नाही.

आता पुढचं बघा. त्या काळी दोनच बदल करता येत. बॅटिस्टन स्वतः बदली म्हणून आलेला, त्याच्या जागी आणखी एक जण आला, म्हणजे साठाव्या मिनिटालाच फ्रान्सचे दोन्ही बदल संपले. जादा वेळेत फ्रान्स ३-१ ने पुढे गेला आणि दमून ३-३ वर आला. विश्वचषकातला पहिला पेनल्टी शूटआउट झाला. त्यात दोन पेनल्टी कोणी अडवल्या? शूमाखरने. जर्मनी अंतिम फेरीत.

तुम्ही म्हणता, कार्ड दिल्याने सामना मरतो. इथे न दिलेल्या कार्डाने निकाल ठरवला, आणि तो भोगला त्या संघाने, ज्याने काहीच केलेलं नव्हतं. रेफ्रीने कार्ड खिशात ठेवलं म्हणजे त्याने सामन्यात ढवळाढवळ केली नाही, असं आपल्याला वाटतं. त्याने ती केलेलीच असते, फक्त दुसऱ्या बाजूने.

२०१० चा जोहान्सबर्गचा अंतिम सामना तुम्ही पाहिला असेलच. अठ्ठाविसाव्या मिनिटाला नेदरलँड्सच्या नायजेल डी यॉंगचे स्टड स्पेनच्या झाबी अलोन्सोच्या थेट छातीवर. रेफ्री हॉवर्ड वेबने पिवळं दाखवलं. आपल्याला ते नीट दिसलं नव्हतं आणि ते लालच होतं, हे त्यांनी नंतर मोकळेपणाने मान्य केलं. त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. पण त्या रात्री दोन्ही संघांना कळून चुकलं की छातीवर लाथ बसली तरी पिवळ्यावर भागतंय. सामना संपेपर्यंत चौदा पिवळी कार्डं निघाली आणि नेदरलँड्सचा हाइटिंगा दोन पिवळ्यांवर बाहेर गेला. स्पेनच्या इनिएस्ताचा ११६ व्या मिनिटाचा गोल सोडला, तर त्या सामन्यातलं तुम्हाला दुसरं काय आठवतं? मला अलोन्सोची छाती आठवते.

मोठा सामना म्हणजे रेफ्रीने पट्टी सैल करायची, हे मला आता पटत नाही. २०१४ मध्ये ब्राझील आणि कोलंबिया यांच्या उपांत्यपूर्व सामन्यात ५४ फाउल झाले आणि कार्डं निघाली चार. शेवटी कोलंबियाच्या सुनिगाचा गुडघा ब्राझीलच्या नेमारच्या पाठीत बसला, मणक्याचं हाड मोडलं. त्या धडकेला तर कार्डही नाही. पहिल्या वीस मिनिटांत दोन कार्डं दिली असती, तर तो सामना वेगळ्या तऱ्हेने खेळला गेला असता, असं मी आजही मानतो.

प्रश्न: आमच्या काळी खेळ मर्दानी होता. आता वाऱ्याने पडतात आणि कार्ड मागतात. तुम्ही त्यांचीच बाजू घेता.

काका, खोटं पडणाऱ्यांची बाजू मी घेत नाही. त्यांच्यामुळेच खरोखर लागलेल्या माणसावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि मला त्याचा अतिशय राग येतो.

पण तुमच्या काळाबद्दल बोलायचं तर १९६६ च्या विश्वचषकात पेलेला आधी बल्गेरियाविरुद्ध तुडवलं गेलं. मग पोर्तुगालविरुद्ध मोराइसने एकाच चालीत दोनदा पाडलं. मोराइस मैदानावरच राहिला. बदली खेळाडू तेव्हा नव्हताच, म्हणून जगातला सर्वोत्तम खेळाडू उरलेला सामना लंगडत खेळला आणि ब्राझील ३-१ ने हरून स्पर्धेबाहेर पडला. पुन्हा विश्वचषक खेळणार नाही, असं पेलेने तेव्हा जाहीर केलं होतं. तो परत आला म्हणून आपल्याला १९७० च्या विश्वचषकातला पेले मिळाला. पिवळी आणि लाल कार्डंही विश्वचषकात त्याच १९७० साली आली. ती केन ॲस्टन या रेफ्रीची कल्पना. चिली आणि इटलीचा १९६२ चा तो कुप्रसिद्ध हाणामारीचा सामना त्यांनीच सांभाळला होता.

आणि नेदरलँड्सचा स्ट्रायकर मार्को व्हान बास्टन? शेवटचा सामना १९९३ मध्ये, वय अठ्ठावीस. मग घोट्यासाठी दोन वर्षं धडपड आणि निवृत्ती. मागून घोट्यावर येणाऱ्या धोकादायक टॅकलला थेट लाल कार्ड, असं नियमात स्पष्टपणे आलं ते १९९८ मध्ये. व्हान बास्टन तोपर्यंत घरी बसला होता. मला तो आणखी पाच वर्षं खेळताना पाहायचा होता, काका. तुम्हाला नव्हता?

प्रश्न: समोरचा जितके दिवस जायबंदी, तितके दिवस टॅकल करणाऱ्यावर बंदी, असा नियम का नसावा?

ऐकायला न्याय्य वाटतं. आर्सेनलच्या एदुआर्दोचा पाय मोडला तेव्हा मीही हेच ओरडलो होतो. फेब्रुवारी २००८, बर्मिंगहॅम विरुद्ध आर्सेनल, तिसरंच मिनिट. टॅकल करणाऱ्या बर्मिंगहॅमच्या टेलरला लाल कार्ड आणि तीन सामन्यांची बंदी. एदुआर्दो जवळजवळ वर्षभर बाहेर.

मग ३ नोव्हेंबर २०१९ चा एव्हर्टन आणि टॉटनहॅमचा सामना पाहिला. टॉटनहॅमच्या सॉन ह्युंग-मिनने मागून एव्हर्टनच्या आंद्रे गोमेसला पाडलं. फाउल होताच. पण गोमेस तोल जाऊन टॉटनहॅमच्याच ओरिएवर आदळला आणि त्याचा घोटा भयानक तऱ्हेने वळला. रेफ्रीने आधी पिवळं काढलं होतं, पायाची अवस्था पाहून लाल केलं. सॉन डोकं धरून रडत होता. ते कार्ड नंतर रद्द झालं आणि ते योग्यच झालं. अशी शेकडो टॅकल होतात, समोरचा उठतो आणि धावायला लागतो. याउलट छातीवरची ती लाथ खाऊनही अलोन्सो उठून खेळत राहिला. तुमच्या नियमाने सॉन महिनोन्‌महिने बाहेर आणि डी यॉंग पुढच्या सामन्याला मोकळा. शिक्षा टॅकलला असावी, नशिबाला नको. मुद्दाम, सूड म्हणून केलेल्या टॅकलला मात्र तीन सामने फारच कमी आहेत. तिथे मी तुमच्यासोबत आहे.

प्रश्न: व्हीएआरवर (रेफ्रीला मदत म्हणून तपासल्या जाणाऱ्या व्हिडिओवर) संथ गतीत दाखवलं की प्रत्येक टॅकल खुनशी दिसतं. हे बरोबर आहे का?

नाही, आणि नियमावलीही हेच सांगते: पाय कुठे लागला हे पाहायला संथ गती चालेल, जोर किती होता हे ठरवायला नेहमीचाच वेग हवा. घरी पाहताना तुम्हीही तसंच करा.

प्रश्न: ऑफसाइड (पास निघताना पुढचा खेळाडू बचावाच्या पलीकडे असणं) झाला तर त्यानंतरचं टॅकल माफ असतं का?

नाही. खेळ थांबलेला असला तरी गंभीर फाउलला लाल कार्ड देता येतं. ऑक्टोबर २०२० मध्ये एव्हर्टनचा गोलरक्षक पिकफर्डच्या धडकेत लिव्हरपूलच्या व्हान डाइकच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. तेव्हा ऑफसाइड तपासला गेला आणि धडकेला कार्ड मिळालं नाही. आपल्या सगळ्यांचा गैरसमज तिथेच पक्का झाला असावा.

प्रश्न: माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, बचावात खेळतो. प्रशिक्षक सांगतात, “पहिल्या पाच मिनिटांत त्यांच्या विंगरला (कडेने धावून चढाई करणाऱ्याला) एकदा लागू दे, मग तो तुझ्या बाजूला फिरकणार नाही.” मुलाला ते आवडत नाही, पण संघातली जागा जाईल म्हणून गप्प बसतो. मी काय करू?

ताई, हे वाक्य मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. मी एकोणीस वर्षांचा होतो, लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू. उपांत्य सामना होता आणि समोरचा विंगर माझ्यापेक्षा खूप वेगवान. चौथ्या मिनिटाला मी गेलो. चेंडू आधी लागला, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. मग आवाज आला. लाकडी पट्टी मोडावी तसा. त्याचा शिनगार्ड मधोमध चिरला होता. रेफ्रीने पिवळं दाखवलं, आमच्या बाकावरून टाळ्या आल्या, आणि आम्ही जिंकलो.

तिसऱ्या दिवशी मी त्याला भेटायला गेलो. तो झोपला होता. त्याचे वडील बाहेर आले. ते चिडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “चेंडू लागला होता का?” मी म्हणालो, “हो.” ते मान हलवून आत गेले. त्यांना ते उत्तर हवं होतं, म्हणजे मुलाचा पाय निदान खेळताना मोडला असं मानता आलं असतं. पण मी चेंडूसाठी गेलोच नव्हतो. मला जे सांगितलं होतं ते करायला गेलो होतो, आणि चेंडू वाटेत होता. तो मुलगा पुढे चालू लागला, धावूही लागला, पण स्पर्धेत पुन्हा उतरला नाही. मी पुढच्या वर्षी बूट काढून ठेवले.

म्हणून सांगतो, प्रशिक्षकांशी तुम्ही स्वतः बोला, मुलाकरवी नको. शांतपणे विचारा, की समोरच्या मुलाला दुखवणं हा सरावाचा भाग आहे का. ते हो म्हणाले किंवा हसण्यावारी नेलं, तर संघ बदला. चौदाव्या वर्षी गेलेली जागा परत मिळते.

आणि मुलाला उभं राहून बचाव करायला शिकू दे. विंगरपासून हातभर अंतर ठेवायचं, अंग थोडं तिरपं, वजन चवड्यांवर, त्याला आतली वाट बंद करून रेषेकडे नेत राहायचं. नजर चेंडूवर, त्याच्या खांद्यांच्या हुलकावणीवर नाही. त्याचा चेंडू पायापासून जरा लांब गेला की तेवढ्यात पाऊल घालायचं. खाली घसरायचं ते अगदी दुसरा इलाज उरला नाही तरच. घाबरवण्यापेक्षा हे शिकायला जास्त दिवस लागतात. विंगर तरीही दोन-तीनदा निसटेल, तेव्हा मुलाला घरी रागावू नका.

प्रश्न: तुमच्या मते आजवरचं सर्वोत्तम टॅकल कोणतं?

७ जून १९७०, ग्वादालाहारा, ब्राझील विरुद्ध इंग्लंड. ब्राझीलचा जाइरझिन्हो पूर्ण वेगात पेनल्टी क्षेत्राकडे येतोय आणि इंग्लंडचा कर्णधार बॉबी मूर मागे मागे सरकतोय, थांबतोय, अजून थांबतोय. मग एकच पाय, जमिनीलगत, नेमका चेंडूवर. मूर उठतो आणि तोच चेंडू घेऊन पुढे चालू लागतो. जाइरझिन्हो धडधाकट.