हजेरीतलं नाव आणि दाखल्यावरचं नाव

प्रश्न असा आहे: आठवीतला विद्यार्थी, रजिस्टरला मुलगी म्हणून नोंद. त्याला मुलाच्या नावाने हाक मारलेली हवी आहे. आईला माहीत आहे, वडिलांना नाही. मुख्याध्यापिका म्हणतात, "आधी कागद आणा, मग बघू." लालबागच्या अनुदानित मराठी शाळेत वर्गशिक्षिकेने काय करावं?

बाई, हाक मारायला कागद लागत नाही. बंटी आणि सोनू म्हणून पोरं अख्खी शाळा काढतात, त्यांच्याकडे राजपत्र कोणी मागत नाही. कागद लागतो तो जनरल रजिस्टर, दाखला आणि बोर्डाच्या फॉर्मला. मुख्याध्यापिकांना आधारच हवा असेल तर ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या २०१९ च्या कायद्याचं कलम १३ दाखवा: अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांनी भेदभाव न करता शिक्षण द्यायचं आहे. शिवाय शिक्षण हक्क कायद्याचं (आरटीई) कलम १७ मानसिक छळाला मनाई करतं, आणि जुन्या नावाने मुद्दाम हिणवणं हा माझ्या मते छळच. मात्र 'हा नक्की ट्रान्स आहे का' याचा निकाल शाळेने लावायचा नाही.

आधी त्याच्याशी एकट्याशी बोला, पण मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दारात नको. तीन गोष्टी विचारा: नाव कोणतं, 'आलास' म्हणायचं की 'आलीस', आणि हे कोणाकोणासमोर चालेल. तिसऱ्या प्रश्नावर सगळं अवलंबून आहे. वर्ग, बाकीचे शिक्षक, ऑफिस, आई, वडील, व्हॅनवाले काका, प्रत्येकाबद्दल वेगळं उत्तर येऊ शकतं. तो जे सांगेल तेच धरून चाला. वडिलांना फोन केलात किंवा प्रगतिपुस्तक घरी पाठवलंत तर कोणतं नाव वापरायचं, हेही तेव्हाच ठरवून घ्या.

आता बोलण्याचं. इंग्रजी शाळांत सर्वनाम बदललं की काम होतं, आपल्याकडे क्रियापद आडवं येतं. सरावाला दोन-तीन आठवडे लागतात, आणि तेवढ्यात वाक्य असं फिरवता येतं की लिंग येतच नाही. 'तू जेवलास का' ऐवजी 'डबा खाल्लास का', कारण तिथे क्रियापद डब्यामागे जातं. 'वही आणलीस का', 'तुला समजलं का', 'उद्या येशील ना', 'फळ्यापाशी ये' ही सगळी कोणालाही चालतात. घोळ होतो तो 'येतोस-येतेस', 'बसला-बसली' इथे. त्याने 'आलास' सांगितलं असेल तर हळूहळू तेच वापरा. कायम आडवळणाने बोलत राहिलात तर टाळताय हे पोरांना बरोबर कळतं. चुकून 'ती आली' निघालं तर 'तो आला' म्हणून पुढचं वाक्य घ्या. वर्गासमोर लांबलचक माफी मागितली की सगळ्या माना त्याच्याकडे वळतात.

एखाद्याला तो किंवा ती, दोन्ही नको असेल, तर शिक्षक परस्पर 'ते आलं, ते बसलं' सुरू करतात. बालवाडीतल्या लेकराला ते गोड वाटतं, तेरा-चौदाच्या वयात ती टिंगल होते. कसं बोलायचं ते त्यालाच विचारा. 'तुम्ही आलात' हा एक मार्ग आहे, पण वर्गात एकट्यालाच अहो-जाहो केलं तर तेही उठून दिसतं.

गुपित फुटतं ते बहुधा दुष्टपणाने नाही, यादीमुळे. तुम्ही रजेवर, ऑफ तासाला दुसरे सर येतात आणि हजेरीपट मोठ्याने वाचतात. उपाय साधा: हजेरी रोल नंबरने. पण काही शाळांत आधी मुलांचे नंबर, मग मुलींचे, त्यामुळे नंबरच सगळं सांगून टाकतो. पुढच्या जूनला यादी आडनावाच्या अक्षरक्रमाने लावून घ्या. वर्गाच्या दाराची बैठक यादी, सहलीची यादी, चाचणीच्या गुणांचा पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडणारा फोटो, हे सगळं तपासा. ग्रुपवर फोटो टाकणं तर तसंही बंद व्हायला हवं.

पीटीच्या रांगा उंचीने लावता येतात. स्वच्छतागृहासाठी एखादं स्वतंत्र असेल तर ते खुलं ठेवा. किल्ली शिपायाकडे मागायला लावली तर पोरं दिवसभर पाणीच पीत नाहीत.

कागद बदलायचे असतील तर अर्ज पालकांचाच लागतो, मूल अल्पवयीन आहे. त्यामुळे वडिलांना कळल्याशिवाय हे पुढे सरकेल असं धरू नका, आणि शाळेने त्यासाठी घरी दबावही आणू नये. घर तयार झालं तर नावासाठी प्रतिज्ञापत्र आणि महाराष्ट्र शासन राजपत्र. लिंगनोंदीचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे: मुंबई शहराचं कार्यालय फोर्टला जुन्या कस्टम हाउसमध्ये, उपनगराचं वांद्रे पूर्वेला. लालबाग शहरात येतं, पण पत्ता राहत्या घराचा धरतात. अर्जाच्या दिवशी लागू असलेले नियम ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या राष्ट्रीय पोर्टलवर वाचून घ्या. हे दहावीचा फॉर्म भरायच्या आत उरकलं तर बरं, कारण बोर्डाच्या प्रमाणपत्रावर छापलेलं नाव पुढे सगळीकडे जातं आणि मग दुरुस्तीला वाशीच्या विभागीय मंडळाचे हेलपाटे. तोवर यू-डायस किंवा सरल या सरकारी ऑनलाइन विद्यार्थी-नोंदींत ऑफिसने परस्पर काही बदलू नये. नोंदी जुळल्या नाहीत की त्रास त्यालाच.

समुपदेशकाकडे पाठवायचं तर त्याच्या संमतीने, आणि 'हिला ठीक करा' असं सांगून नाही. अशा 'उपचारां'ना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेची (टिस) आयकॉल ही समुपदेशनाची हेल्पलाइन फोनवर बोलते. घरी मारहाणीची भीती असेल तर मात्र थांबू नका, चाइल्डलाइनचा १०९८ लावा.