आत्याच्या सांगण्यात तथ्य आहे का?

प्रश्न असा आला: ‘गंगेचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी आलंय, असं पंचवटीतल्या आत्यानं फोनवर सांगितलं. हे तथ्य म्हणायचं की नुसती साक्ष?’ (नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतात, आणि रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी कुठवर आलं त्यावरून पूर मोजतात.)

‘तथ्य’ हा ‘तथा’पासून आलेला शब्द, जे तसंच आहे ते. पण मराठीत तो एकटा फारसा फिरत नाही. ‘बातमीत तथ्य नाही’, ‘तक्रारीत तथ्य आढळलं’. तथ्य कुणाच्या तरी सांगण्यात असतं किंवा नसतं, आणि थोडंथोडंही असतं. म्हणून तर ‘तथ्यांश’. ‘ही पाच तथ्ये’ हे मला हिंदीच्या वळणाचं वाटतं, कानाला खटकतं. आत्या गप्प बसली असती तरी पाणी गळ्याशी होतंच, ती वस्तुस्थिती. तथ्य आहे ते तिच्या बोलण्यात.

साक्षीचं म्हणाल तर पाणिनीनं ‘साक्षी’ म्हणजे साक्षात पाहणारा असं सांगून ठेवलंय. आत्या घाटावर जाऊन आली असेल तर साक्ष; शेजारणीकडून कळलं असेल तर ऐकीव; चार घरं फिरून आलं असेल तर सांगोवांगी. १८७२ च्या पुरावा कायद्यातही पाहिलेल्या गोष्टीबद्दल पाहणाऱ्यानंच बोलावं असं होतं. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी हा नियम टिकला. (नावातलं ‘साक्ष्य’ हिंदी थाटाचं, आपला ‘पुरावा’ काय वाईट होता?)

खरी गंमत ‘आप्त’ शब्दात आहे. न्यायसूत्रांत, म्हणजे न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान (साम्यावरून ओळखणं) यांच्यानंतर चौथं प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, ‘शब्द’, आणि त्याची व्याख्या ‘आप्तोपदेशः शब्दः’, आप्ताचं सांगणं म्हणजे शब्द. तिथला आप्त म्हणजे ज्याला ठाऊक आहे आणि जो आहे तसं सांगतो, असा भरवशाचा माणूस. मराठीत तो चक्क नातेवाईक झाला! आमचे एक काका आप्त खरे, पण त्यांच्या हिशेबानं दर श्रावणात १९६९ चा महापूर येतो.

मारुतीचं मात्र बरं आहे. गुडघा, कंबर, छाती, गळा. खूण सगळ्या गावाला माहीत, त्यामुळे आत्याचं बोलणं रामकुंडावर गेलेला कुणीही पडताळून पाहू शकतो. तेव्हा ‘आत्याचं सांगणं हे तथ्य’ असं लिहू नका. ती कुठून बघत होती ते विचारा, आणि मग ‘तिच्या सांगण्यात तथ्य आहे’ असं खुशाल लिहा.