स्पेशल टीचर व्हायचंय, पण घरून नकार आहे

प्रश्न: सर, मी अमळनेर तालुक्यातली, यंदा बारावी आर्ट्सला आहे. लहान भाऊ मतिमंद आहे, त्याच्यामुळे मला स्पेशल डी.एड., म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवायचा डिप्लोमा, करायचंय. आबा म्हणतात, "येड्या पोरेसले शिकाडीसन काय भेटी? साधं डी.एड. कर." काय करू?

उत्तर: बेटा, आबांवर चिडू नको, ते पगाराचंच विचारताय, आणि कपाशीच्या भावावर घर चालवणाऱ्या माणसाने ते विचारलंच पाहिजे. तर खरं सांगतो, सुरुवातीला एकतर समग्र शिक्षा या सरकारी शाळांच्या योजनेतलं कंत्राटी काम नाहीतर एखाद्या संस्थेची विशेष शाळा, पैसे कमी आणि कधी कधी लेट. मात्र सुप्रीम कोर्टाने मार्च २०२५ मध्ये सगळ्या राज्यांना सांगितलंय की स्पेशल टीचरची पदं मंजूर करा आणि रेग्युलर भरा. जाहिरात कधी निघेल त्या भरवशावर बसू नको, डी.एड. झालं की बी.ए. कर, मग बी.एड. स्पेशल, म्हणजे हायस्कूलचं दारही उघडं राहतं.

आता भावाचं. त्याच्यावरची माया चांगलीच आहे गं, पण वर्गातली बाकीची पोरं तुझा भाऊ नसतात, एक चावतं, एक दिवसभर बोलत नाही, आणि तिथे माया पुरत नाही, पद्धत लागते. मी विशेष शाळेत होतो तेव्हा शर्टाचं बटण लावणं आम्ही उलटं शिकवायचो. बटण काजातून अर्धं बाहेर मी काढायचो, पोराने फक्त ओढून घ्यायचं. ते जमलं की मग काजात घालायचं पण त्यानेच. असं केल्याने पोराला पहिल्या दिवसापासून 'मी लावलं' वाटतं, आणि आपण मात्र एका बटणावर महिना काढतो, तेवढ्यात शेजारच्या झेडपी शाळेतल्या मॅडमचे चार धडे झालेले असतात. हे सहन होत असेल तरच ये. सुट्टीत जवळच्या विशेष शाळेत हेडसरांना विचारून आठ-दहा दिवस बसून बघ, जमलं तर आबांना पण एक दिवस ने.

साध्या डी.एड.ला गेलीस तरी ही पोरं सुटत नाहीत हां! २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यातली कितीतरी पोरं साध्या वर्गातच मागच्या बाकावर बसलेली असतात आणि आपण त्यांना 'ढ' म्हणून मोकळे होतो.

ॲडमिशन घेताना बौद्धिक, श्रवण, दृष्टी यातल्या कोणत्या दिव्यांगत्वाचा कोर्स आहे ते नीट विचार, तुला भावामुळे बौद्धिकच सुचेल पण श्रवणचाही विचार कर. आणि फी भरायच्या आधी त्या कॉलेजला आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता चालू वर्षासाठी आहे का ते परिषदेच्या वेबसाईटवर स्वतः बघ, एजंट काय दाखवतो त्यावर जाऊ नको, कारण मान्यता नसेल तर नंतर रजिस्ट्रेशन नंबर मिळत नाही आणि त्याच्याशिवाय स्पेशल टीचर म्हणून कुठेच काम करता येत नाही.