दहावीला ८८ टक्के, ‘आरपी’ आणि स्कूटीची चावी

संगमनेर तालुक्यातल्या एका आईचं पत्र आहे. थोडक्यात असं: मुलाला यंदा दहावीला ८८ टक्के मिळाले. तेराव्या वर्षी त्याला रेटिनायटिस पिगमेंटोसा, म्हणजे आरपी, हा डोळ्याच्या पडद्याचा आजार असल्याचं निदान झालं. समोरचं अजून वाचता येतं, पण दिवेलागणीनंतर चाचपडतो आणि बाजूचं दिसत नाही. त्याला कॉम्प्युटर इंजिनीअर व्हायचंय. मामा म्हणतात, आर्ट्सला घाला, बँकेत लागेल. वडील म्हणतात, अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढलं की जन्माचा शिक्का बसला. सासूबाईंच्या मते दोष सुनेच्या माहेरचा. मावसबहीण रोज संध्याकाळी धडे वाचून दाखवते. दिवसा मात्र तो स्कूटीवर क्लासला जातो. आणि एका दुकानदाराने ४५ हजारांचा ‘एआय चष्मा’ सुचवला आहे. आईंचे प्रश्न तीन: सायन्स की आर्ट्स, सर्टिफिकेट काढावं का, चष्मा घ्यावा का.

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही जे विचारलंच नाही, तिथून सुरुवात करतो. स्कूटीची चावी आजच काढून घ्या. लायसन्सचं वय नाही ही गोष्ट आहेच, पण मुख्य कारण वेगळं आहे. आरपीमध्ये आधी रात्रीचं आणि कडेचं दिसणं जातं, मधलं टिकतं. त्यामुळे मुलाला वाटतं आपल्याला दिसतंय, आणि घरच्यांनाही तसंच वाटतं. पण फाट्यावरून आडवा येणारा उसाचा ट्रॅक्टर त्याच्या नजरेच्या गोलात शिरतो तेव्हा तो दोन हातांवर आलेला असतो. अठरा पूर्ण झाली तरी गाडी त्याच्यासाठी नाही, हे तुम्ही आणि त्याच्या वडिलांनी एकत्र बसून सांगा. सांगण्याआधी त्याचं जाणं-येणं कसं होणार ते ठरवा: एसटीचा पास, रिक्षा, नाहीतर मित्राच्या मागची सीट. नुसती चावी काढून घेतलीत तर तो घरात बसेल, आणि सोळाव्या वर्षी घरात बसलेला मुलगा पुढे बाहेर काढणं फार जड जातं.

सासूबाईंच्या म्हणण्यावर मी एरवी बोललो नसतो, पण तुम्ही त्यावर पानभर लिहिलंय. हा आजार जनुकांतून येतो आणि येण्याचे मार्ग एकापेक्षा जास्त आहेत. पुष्कळ घरांत आई-वडील दोघांकडून एकेक सदोष जनुक येतो आणि दोघांचे डोळे ठणठणीत असतात. त्यात माहेर-सासर काढायला जागा नाही. तुमच्या धाकट्या मुलीची तपासणी मात्र करून घ्या. आणि ‘आरपी बरा करतो’ म्हणणाऱ्या जाहिरातींवर एक रुपयाही घालवू नका. अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळालेली जनुकीय उपचारपद्धती आहे, पण ती आरपीई६५ या एकाच जनुकातल्या दोषासाठी. आपल्या मुलाचा जनुक कोणता, हे तपासायचं का, ते रेटिनाच्या डॉक्टरांना विचारा. त्यापलीकडे त्या वाटेला जाऊ नका.

आता सर्टिफिकेट. वडिलांना माझा नमस्कार सांगा आणि हा परिच्छेद त्यांना वाचायला द्या. शिक्का कागदाने बसत नाही. वर्गात फळा दिसत नसताना ‘लक्ष नाही याचं’ असं ऐकून घ्यावं लागतं, शिक्का तिथे बसतो. कागदाने काय होतं ते बघा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ५ टक्के जागा राखीव आहेत, शिवाय वयाच्या अटीत ५ वर्षांची सूट. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण, त्यातला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांसाठी. लेखी परीक्षेत दर तासाला २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. गरज असेल तर लेखनिक. यातलं काहीही न वापरण्याचं स्वातंत्र्य त्याला कायम राहतं. कागद घरात असला म्हणून तो कपाळावर लावून फिरावं लागत नाही.

गावातल्या डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं की तक्त्यावरच्या पाच ओळी वाचतो, त्याला काही मिळणार नाही. हे अर्धवट आहे. कायद्यात अल्पदृष्टीची व्याख्या दोन बाजूंनी केली आहे. एक, चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ च्या पुढे न जाणं, म्हणजे निरोगी डोळ्याला अठरा मीटरवरून दिसतं ते सहा मीटरवरूनच दिसणं. दुसरी बाजू नजरेच्या पसाऱ्याची: तो ४० अंशांपेक्षा कमी असेल तर अल्पदृष्टी, १० अंशांच्याही आत गेला तर कायद्याच्या भाषेत अंधत्व, मग समोरचं अक्षर वाचता येत असलं तरी. म्हणून वैद्यकीय बोर्डापुढे जाताना ‘फील्ड’चा रिपोर्ट, म्हणजे पेरिमेट्री, सोबत हवाच. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा, तपासणी सरकारी रुग्णालयात, आणि त्यातूनच यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं. पहिल्या खेपेला टक्केवारी ४० च्या खाली आली तर खचू नका. हा आजार वाढत जातो, नंतर फेरतपासणी मागता येते.

आणि आता तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी असलेली गोष्ट. तुम्ही लिहिता, ‘अजून वाचता येतंय, मग ते बोलणारं सॉफ्टवेअर आत्तापासून कशाला, मनावर परिणाम होईल.’ नेमकं उलट आहे. डोळे थकण्याआधी कान तयार झालेले हवेत. दिसेनासं झाल्यावर दुःख, अभ्यास आणि नवीन यंत्र या तिन्ही गोष्टी एकदम अंगावर येतात. आज त्याला पडदा दिसतोय, तेव्हा शिकणं निम्म्याने सोपं आहे.

सुरुवात फुकटात होते. एनव्हीडीए नावाचं स्क्रीन रीडर आहे, म्हणजे विंडोजच्या पडद्यावर असलेलं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने ते लिहायला घेतलं, कारण बाजारातली सॉफ्टवेअर फार महाग होती. आजही ते मोफत आहे आणि मराठीही वाचतं. उच्चार यंत्राचा आहे, आठवडाभर कानाला टोचेल, मग टोचायचं थांबेल. माझ्याकडे येणारा एक विद्यार्थी ते ज्या वेगाने ऐकतो, त्या वेगात मला एक शब्द कळत नाही. तो माउसला हात लावत नाही. वेबपेजवर ‘एच’ दाबतो आणि एका मथळ्यावरून दुसऱ्या मथळ्यावर जातो, ‘के’ दाबून लिंका धुंडाळतो, इन्सर्ट आणि एफ७ दाबून पानावरच्या लिंका-मथळ्यांची सगळी यादी समोर घेतो. ज्या सरकारी साइटवर मला फॉर्म सापडत नव्हता, तिथे तो माझ्याआधी पोचला. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक, म्हणजे पडदा बोलून दाखवणारी सोय, असतेच. बोट पडद्यावर उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट बोलतं, दोनदा टिचकी मारली की ती उघडते. रोज अर्धा तास, डोळे मिटून, एवढंच करायला सांगा.

त्याच्या जोडीला न बघता टायपिंग. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिकू दे, कारण त्यात अक्षरं ठरलेल्या जागी असतात, सुचवलेल्या शब्दांतून निवड करत बसावं लागत नाही. ब्रेलबद्दल मतभेद आहेत. माझं मत असं की थोडं तरी शिकावं. नुसतं ऐकून शिकणाऱ्या मुलांचं शुद्धलेखन बिघडतं, आणि गणितातली लांबलचक पदावली कानात धरून ठेवणं अवघड जातं.

एक मराठी अडचण तुम्हाला कोणी सांगणार नाही, ती सांगतो. क्लासच्या नोट्स, प्रश्नसंच, परिपत्रकं अजूनही जुन्या फॉन्टांत टाइप होतात. डोळ्याला ती स्वच्छ मराठी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात, आणि स्क्रीन रीडर ‘डॉलर, कंस, एक्स’ असं काहीतरी बरळतो. मुलाला वाटतं सॉफ्टवेअर भिकार आहे. फाइलमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवून बघा. तिथे मराठी आली तर फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्राला मराठी म्हणूनच कळणाऱ्या अक्षरांत, आहे. चिन्हांचा चिवडा आला तर सरांना विनंती करा की युनिकोडमध्ये द्या. फाइल नुसत्या पानांच्या फोटोंची असेल, तर गुगल ड्राइव्हवर चढवून डॉक्समध्ये उघडली की बरीचशी मराठी अक्षरं सुटी होऊन येतात. चुका राहतात, त्या त्यानेच दुरुस्त कराव्यात. पुस्तकांसाठी सुगम्य पुस्तकालय ही २०१६ पासूनची ऑनलाइन लायब्ररी आहे. छापील पुस्तक दिव्यांग व्यक्तीसाठी वाचता येईल अशा रूपात बदलणं हा कॉपीराइटचा भंग नाही, हे २०१२ च्या दुरुस्तीपासून कायद्यातच आहे. कॉलेजने का-कू केलं तर हे ठामपणे सांगा.

मावसबहिणीचं मन मोठं आहे, पण तिचं वाचन हळूहळू बंद करा. पुढच्या वर्षी तिचं लग्न होईल, नाहीतर नोकरी लागेल, आणि हा तिथेच राहील. तिने आकृत्या समजावून द्याव्यात, आलेख त्याच्या तळहातावर बोटाने काढून दाखवावेत. मजकूर त्याचा त्याने ऐकावा. लेखनिकाची सवयही तिच्यासोबत आत्तापासून करता येईल. उत्तर माहीत असणं वेगळं आणि ते तोंडी सांगून लिहून घेणं वेगळं. ‘एक्सचा वर्ग अधिक दोन, हे सगळं कंसात, भागिले तीन’ असं अडखळता सांगायला महिने लागतात. परीक्षेच्या हॉलमध्ये पहिल्यांदा हे करणारी मुलं पेपर येत असूनही अर्धा सोडून येतात.

घरातही थोडी फिरवाफिरव करा. दार पूर्ण उघडं किंवा पूर्ण बंद. अर्धवट उघडं दार आरपीवाल्याच्या कपाळासाठीच असतं. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी. भात पांढऱ्या ताटात वाढू नका, पांढऱ्यावर पांढरं उठून दिसत नाही. मोरीजवळची बादली हलवली तर तोंडाने सांगा. अंधारात त्याला दंडाला धरून पुढे ढकलू नका, त्याने तुमचं कोपर धरावं आणि तुम्ही अर्धं पाऊल पुढे चालावं. त्याला पांढऱ्या काठीची लाज वाटते, हे समजण्यासारखं आहे. घडीची काठी दप्तरात मावते, रात्री परगावच्या स्टँडवर पहिल्यांदा काढली तरी चालेल. पण ती कशी वापरायची हे कोणीतरी शिकवावं लागतं. नाशिकला दृष्टिहीनांसाठी काम करणाऱ्या ‘नॅब’ या संस्थेचं महाराष्ट्र युनिट आहे, तुमच्यापासून फार लांब नाही. आधी फोन करून प्रशिक्षणाची चौकशी करा आणि जाताना वडिलांनी सोबत जावं. तिथे काठी घेऊन भराभर चालणारी, फोनवर भांडणारी, चहा पिणारी माणसं दिसली की माझ्या अर्ध्या पत्राचं काम होईल.

आता सायन्स की आर्ट्स. तुमच्याकडचे सगळे नातेवाईक तुम्हाला प्रांजल पाटील यांची पोस्ट फॉरवर्ड करत असतील. उल्हासनगरच्या, सहाव्या वर्षी दृष्टी गेलेल्या, आणि आज आयएएस. त्यांच्या गोष्टीतलं मला महत्त्वाचं वाटतं ते हे: यूपीएससीच्या २०१६ साली लागलेल्या निकालात ७७३ वा क्रमांक आला, रेल्वे लेखा सेवा मिळाली आणि दिसत नाही म्हणून नाकारलीही गेली. पुढच्या वर्षी त्या १२४ व्या आल्या. म्हणजे गुणवत्ता आणि तंत्रज्ञान दोन्ही हाताशी असूनही दार आपटलं जाऊ शकतं, हे धरून चाला. पण त्यांचा फोटो मुलाच्या टेबलासमोर लावू नका. त्याला कॉम्प्युटर आवडतो, कलेक्टर व्हायचं नाहीये.

दिल्लीच्या कार्तिक साहनीचं उदाहरण त्याच्या जवळचं आहे. जन्मापासून दृष्टिहीन, तरी सायन्स घेऊन २०१३ साली बारावीला ९६ टक्के. आयआयटीच्या प्रवेश परीक्षेत हव्या त्या सवलती मिळाल्या नाहीत, तो स्टॅनफर्डला कॉम्प्युटर सायन्स शिकायला गेला. कोड हा मजकूरच असतो, आणि मजकूर स्क्रीन रीडरला सगळ्यात छान कळतो. त्रास होतो तो आकृत्यांचा आणि प्रयोगशाळेतल्या मोजमापांचा.

माझा सल्ला: गणित खरोखर आवडत असेल तर सायन्स घ्या आणि सोबत आयटी विषय निवडा. मात्र कॉलेज ठरवण्याआधी प्राचार्यांना आणि फिजिक्सच्या शिक्षकांना भेटा. ‘बघू, करू’ म्हणणाऱ्या मोठ्या कॉलेजपेक्षा ‘प्रयोग जोडीने करू देऊ, फळ्यावर लिहिताना मोठ्याने बोलू’ म्हणणारं तालुक्याचं कॉलेज बरं. फिजिक्स-केमिस्ट्रीत जीव रमत नसेल तर गणितासह कॉमर्स घेऊनही बीसीएची, म्हणजे कॉम्प्युटरच्या पदवीची, वाट मोकळी आहे, आणि प्रोग्रॅमिंगच्या नोकरीत कोणी दहा वर्षांनी विचारत नाही की अकरावीला काय होतं. आर्ट्स ही हलकी शाखा नाही. कायदा, अध्यापन, समुपदेशन इथे दृष्टिहीन माणसं उत्तम काम करतात. फक्त ती मामांनी निवडून देऊ नये. आणि बँकेचा पर्याय कुठल्याही शाखेच्या पदवीनंतर खुला असतोच, त्यासाठी आज दार बंद करायची गरज नाही.

एका क्षेत्राकडे मात्र त्याचं लक्ष वेधा: अॅक्सेसिबिलिटी टेस्टिंग. एखादी साइट किंवा अॅप दिव्यांगांना वापरता येतं का, हे तपासणं. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि केवायसी, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवणं, यासारख्या प्रक्रिया दिव्यांगांना जमतील अशा करायला सांगितल्या. बँका आणि कंपन्यांना हे काम करणारी माणसं लागणार आहेत. स्क्रीन रीडर रोज वापरणारा आणि कोड कळणारा माणूस तिथे दयेवर नाही, कामावर घेतला जातो.

राहिला चष्मा. घेऊ नका. छापील मजकूर वाचणं, समोरच्या वस्तू सांगणं ही कामं लुकआउट आणि सीइंग एआयसारखी मोफत अॅप फोनवर करतात, नोट ओळखायला रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ अॅप आहे, आणि बी माय आइजवर स्वयंसेवक व्हिडिओ कॉलवर बघून सांगतात. ही सगळी वर्षभर वापरून झाल्यावरही काही अडत असेल, तर नेमकं काय अडतं ते मुलगाच सांगेल. तोवर त्या ४५ हजारांत आठ जीबी रॅमचा लॅपटॉप आणि चांगला हेडफोन येतो. कीबोर्ड वेगळा घ्या, ज्याची बटणं बोटाला सुटी सुटी लागतात असा, आणि दुकानात निवडायला मुलालाच पुढे करा.