पीचची टाकी बघायला थांबावं का?

अमेरिकेत शार्लटहून अटलांटाला गाडीने जाताना ‘ती पीच फळाच्या आकाराची पाण्याची टाकी’ बघायला थांबण्यात अर्थ आहे का, आणि असलं काही आपल्या गोव्यात आहे का, असं तुम्ही विचारलंय.

थांबा. पण टाकीच्या बुडाशी जाऊन उभे राहू नका. दोन वर्षांपूर्वी जावयाला हौसेने थेट खाली न्यायला लावलं आणि पाहिलं काय, तर कुंपण अन् वर गुलाबी पोट. मजा आहे ती महामार्गावरून येताना झाडांच्या वर ते फळ हळूहळू मोठं होत जाण्यात. गाव गॅफनी, साउथ कॅरोलायना. शार्लटपासून साधारण तासाभरावर. टाकी १९८१ची, उंची १३५ फूट, पाणी मावतं १० लाख गॅलन, म्हणजे जवळजवळ ३८ लाख लिटर. ‘पीचसाठी नाव शेजारच्या जॉर्जिया राज्याचं, पण पीक आमच्या परगण्यात जास्त’, हे जाणाऱ्या-येणाऱ्याला ठणकावून सांगायला गॅफनीकरांनी ती उभारली. मधली घळ असलेल्या बाजूने बघाल तर फळ सोडून भलतंच काही आठवतं. नातवंडं बरोबर असतील तर तयारीत राहा! उन्हाळ्यात जाताय, तर रस्त्याकडेला ताजे पीच मिळतील, तेही घ्या.

सेंट लुईसकडे जाणार असाल तर कॉलिन्सव्हिलची केचपच्या बाटलीची टाकी बघा. १९४९ची, १७० फुटी, एका केचपच्या कारखान्यासाठी बांधलेली.

मी पाणीपुरवठ्यात नोकरी केली, म्हणून एक सांगतो. दहा मीटर उंचीवरचं पाणी खाली दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा दाब देतं, बस्स. पंप बंद असला तरी नळ चालावा म्हणून टाकी उंच. आकार कसाही द्या, पाण्याला फरक पडत नाही. टाकी कोणाची, त्यावर तिचं रूप ठरतं. गॅफनीत ती अख्ख्या गावाची, म्हणून गावाचा तोरा तिच्यावर. पंजाबात जालंधरकडच्या खेड्यांत घराघराची, म्हणून परदेशी गेलेल्यांच्या गच्चीवर विमान, फुटबॉल, गरुड. आपल्याकडे खात्याची टाकी खांबांवर निमूट उभी, अन् घरावर काळी प्लास्टिकची. गोंयकाराची हौस छपरावरच्या कोंबड्यावर आणि फाटकाच्या खांबांवरच्या सिंहांवर खर्च होते, टाकीपर्यंत पोचतच नाही.

तेव्हा इथे टाकी शोधत फिरू नका, सांग्याला साळावली धरणावर जा. तिथला सांडवा गोलसर आहे. धरण भरलं की पाणी त्या गोलसर काठावरून विहिरीसारख्या पोकळीत कोसळतं. जलाशय तुडुंब झाल्यावरच जा, कोरड्यात नुसतं काँक्रीट दिसतं. छत्री नको, रेनकोट घ्या. तिथल्या वाऱ्यात माझ्या दोन छत्र्या उलट्या झाल्या आहेत.