स्वतंत्रपणे घड्याळे घडवणाऱ्या कारागिरांना पाठबळ देणारी संस्था आहे का? दुरुस्ती करणाऱ्याला तिथे प्रवेश मिळतो का?

आपले दोन प्रश्न आहेत: कोणत्याही कंपनीच्या नोकरीत नसलेल्या घड्याळ-कारागिरांना आधार देणारी संस्था कोणती, आणि घड्याळदुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या आपल्या भावाला तिचे सभासद होता येईल का. चावीच्या घड्याळांचा मी केवळ हौशी संग्राहक आहे, पण या विषयाचा पाठपुरावा बरीच वर्षे करत असल्यामुळे उत्तर देत आहे.

अशी सर्वांत प्रसिद्ध संस्था स्वित्झर्लंडमधील असून तिचे फ्रेंच नाव ‘अकादेमी ऑर्लोजेर दे क्रेआतर अँदेपाँदां’, म्हणजे स्वतंत्र घड्याळ-निर्मात्यांची अकादमी, असे आहे. सगळे तिला ‘ए.एच.सी.आय.’ म्हणतात. स्वेन्ड अँडरसन आणि व्हिन्सेंट कालाब्रेझे या दोन घड्याळजींनी १९८५ साली ती स्थापन केली. गंमत म्हणजे, दोघेही मूळचे स्विस नव्हेत. एक डेन्मार्कचा, तर दुसरा इटलीचा. कालाब्रेझे यांची ख्याती एका अजब रचनेमुळे झाली होती: यंत्रातली सगळी चाके त्यांनी एका सरळ रेषेत, पट्टीसारखी उभी मांडली, त्यामुळे काचेच्या आत मधोमध यंत्र आणि दोन्ही बाजूंना मोकळी जागा दिसते. ‘कोरम’ कंपनीने हीच रचना १९८० मध्ये ‘गोल्डन ब्रिज’ या नावाने बाजारात आणली.

स्थापनेचा काळही लक्षात घ्यावा लागेल. जपानच्या सेको कंपनीने डिसेंबर १९६९ मध्ये क्वार्ट्झचे, म्हणजे चावीऐवजी बॅटरीवर चालणारे, पहिले मनगटी घड्याळ विक्रीला आणले आणि पुढच्या दीड दशकात स्विस घड्याळ उद्योगातील नोकऱ्या सुमारे ९० हजारांवरून ३० हजारांच्या आसपास घसरल्या. हाताने गुंतागुंतीचे यंत्र घडवू शकणारे लोक होते, परंतु त्यांचे काम बहुधा मोठ्या कंपन्यांसाठी चाले आणि तबकडीवर नाव कंपनीचेच येई.

संस्थेचा आधार प्रामुख्याने पैशांचा नव्हता, तर जागेचा होता, आणि माझ्या मते तोच अधिक मोलाचा ठरला. स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराच्या वार्षिक घड्याळ-प्रदर्शनात एकट्या कारागिराला स्वतःचे दालन घेणे परवडण्यासारखे नव्हते. संस्थेने सामाईक दालन घेतल्यामुळे जगभरचे व्यापारी आणि संग्राहक थेट त्याच्या टेबलापाशी येऊ लागले. स्विस घड्याळजी फिलिप द्युफूर यांचे उदाहरण पाहा. तास आणि पाव तासाचे ठोके आपोआप देणारी खिशात ठेवायची पाच घड्याळे त्यांनी ‘ऑदेमार पिगे’ या कंपनीसाठी बनवली होती, तशीच रचना लहान करून मनगटी घड्याळात बसवून त्यांनी १९९२ साली बाझेलमध्ये मांडले, तेव्हा तबकडीवर त्यांचे स्वतःचे नाव होते. त्यांच्या यंत्रातील, चाके धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या आतल्या कोपऱ्यांची धार पाहण्यासारखी असते. दोन उतरत्या कडा जिथे मिळतात तिथला टोकदार कोन मशीनने साधत नाही, म्हणून जेन्शियन नावाच्या डोंगरी वनस्पतीच्या वाळलेल्या देठाला पॉलिशचा लेप लावून, भिंगाखाली तो हातानेच घासावा लागतो.

सभासद होण्याला देशाची अट नाही. जपानचे मासाहिरो किकुनो पूर्वी तिथल्या संरक्षण दलात होते. जुन्या जपानी पद्धतीत दिवस आणि रात्र यांचे प्रत्येकी सहा भाग करत, त्यामुळे ऋतूनुसार तासाची लांबी बदले. किकुनो यांनी असे घड्याळ मनगटावर आणले, ज्यात तासांच्या खुणा वर्षभर आपोआप सरकत राहतात. रशियाचे कॉन्स्तांतिन चायकिन यांनी ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथाच्या ईस्टर सणाची दरवर्षी बदलणारी तारीख काढून दाखवणारे टेबलावरचे घड्याळ केले आहे. लहान मनगटी घड्याळे आणि मोठी घड्याळे, दोन्ही तिथे चालतात. अट एवढीच की काम स्वतःच्या कल्पनेचे हवे, आणि उमेदवारीच्या काळात ते जुन्या सभासदांच्या पसंतीस उतरायला हवे. त्यामुळे संस्था लहानच राहिली आहे.

म्हणूनच आपल्या भावाला, तो दुरुस्तीत कितीही तरबेज असला तरी, केवळ त्या बळावर इथे प्रवेश मिळणार नाही. त्याच्यासाठी ‘ब्रिटिश होरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट’ ही ब्रिटनमधील घड्याळविद्येची संस्था अधिक उपयोगाची आहे. १८५८ साली स्थापन झालेल्या या संस्थेत दुरुस्ती करणाऱ्यांनाही स्थान आहे, आणि घरबसल्या शिकण्याचा अभ्यासक्रमही ती चालवते. शिक्षण इंग्रजीतून आहे, तेव्हा भावाची त्याला तयारी आहे का, हे आधी विचारून घ्यावे.