कोड चालत होता, मग नाकारलं का?

"मॅडम, सगळं चालत होतं. तरी नाकारलं."

समोरच्या मुलाला चार वर्षांचा अनुभव. नोकरीसाठी कंपनीने घरी करायला दिलेली असाइनमेंट त्याने शनिवार-रविवार जागून पूर्ण केली होती. उत्तर एका ओळीचं आलं: टेस्ट्स समाधानकारक नाहीत. (टेस्ट्स म्हणजे आपला कोड बरोबर चालतो का, हे तपासणारे छोटे प्रोग्रॅम.) ही तक्रार घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात, आणि येताना स्वतःच्या बुद्धीवरचा विश्वास घालवून आलेले असतात.

समुपदेशनात येण्याआधी मी बारा वर्षं कोड लिहिलाय. म्हटलं, लॅपटॉप उघड.

किराण्याचं बिल होतं. खरेदी ५०० रुपये किंवा जास्त असेल तर डिलिव्हरी मोफत, नाहीतर ४० रुपये. टेस्ट्स १४, कव्हरेज (टेस्ट्स चालवताना कोडचा किती भाग चालून जातो ते) ९६ टक्के. त्याच्या अटीत 'पेक्षा मोठं किंवा बरोबर' असं चिन्ह होतं. त्यातलं 'बरोबर' मी खोडलं. "चालव आता."

चौदाच्या चौदा हिरव्या, म्हणजे पास!

नेमकी ५०० ची खरेदी करणाऱ्याला आता ४० रुपयांचा भुर्दंड पडत होता आणि एकही टेस्ट बोलली नाही. त्याने तपासले होते २०० आणि १०००. सहा टेस्ट्स तर उत्तर नल (म्हणजे रिकामं) नाही ना, एवढंच बघत होत्या. तो बराच वेळ त्या हिरव्या ओळींकडे बघत राहिला.

(कोड मुद्दाम मोडून टेस्ट्स ते पकडतात का बघायचं, ही युक्ती माझी नाही. डिमिलो, लिप्टन आणि सेवर्ड या संगणकशास्त्रज्ञांनी १९७८ मध्येच ती मांडली होती. तिला म्युटेशन टेस्टिंग म्हणतात. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेसाठी पिट नावाचं साधन हेच आपोआप करतं.)

"पण ऑफिसात कायम 'आधी रिलीज, टेस्टचं मग बघू' असंच असायचं, मॅडम."

हे खरंच आहे, आणि अशा मुलांना टेस्ट्सवरून जोखणार असाल तर तसं आधी सांगा, असं माझं कंपन्यांना ठाम म्हणणं आहे. त्याला मात्र मी स्पष्ट सांगितलं, "नकार तुझ्या बुद्धीला नाही मिळालेला. उद्या तुझ्या कोडमध्ये दुसरं कुणी हात घालणार. त्याची चूक पकडायला तू तिथे नसशील, तुझ्या टेस्ट्स असतील. म्हणून कंपनीवाले त्या वाचतात."

मग तीच असाइनमेंट पुन्हा करायला दिली. रोज आपलीच एक अट मोडायची, काही लाल झालं नाही तर नवी टेस्ट लिहायची.

नवव्या दिवशी रात्री मेसेज आला: "मॅडम, कार्ट रिकामी असेल तर ४० रुपये लावायचे का? त्यांनी लिहिलेलंच नाही."

मी कळवलं, "पुढच्या कंपनीला असा प्रश्न पहिल्याच दिवशी विचार."